ऑनलाइन व्यवसायाची परिभाषा : रूपक, करार आणि मराठी पर्याय यांची चिकित्सा

सारांश

ऑनलाइन व्यवसाय, संकेतस्थळांचे होस्टिंग आणि इंटरनेटवरील विपणन या क्षेत्रांतील बहुतेक प्रचलित संज्ञा जमीनजुमला, आतिथ्य, निसर्ग, शेती अशा परिचित व्यवहारांतून रूपकाने घेतलेल्या आहेत. या रूपकांमुळे तांत्रिक बाबी समजण्यास सोप्या होतात; परंतु त्यांमागील कराराचे स्वरूप बरेचदा झाकले जाते. प्रस्तुत लेखात निवडक संज्ञांची या दृष्टीने तपासणी केली आहे. हक्क कोणाचा, मुदत किती आणि मोबदला कोण देतो, या तीन प्रश्नांची उत्तरे संज्ञेतून अथवा तिच्या व्याख्येतून मिळतात का, हा तपासणीचा निकष आहे. लिप्यंतर आणि रूपकाचे शब्दशः भाषांतर हे मराठीकरणाचे दोन रूढ मार्ग या निकषावर अपुरे ठरतात, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : परिभाषा, रूपक, डोमेन, होस्टिंग, कुकी, रूपांतरण-दर, भाडेपट्टा, विश्वस्त

१. प्रस्तावना

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. पुढील काळात या माध्यमाबरोबर शब्दांचा एक मोठा संच मराठी व्यवहारात आला. डोमेन, होस्टिंग, बँडविड्थ, ट्रॅफिक, हिट, कुकी, क्लाउड, कन्व्हर्जन हे शब्द आरंभी संगणक अभियंत्यांपुरते मर्यादित होते. आज ते वाणिज्य शाखेच्या वर्गात, महाविद्यालयाच्या निविदापत्रात, बचत गटाच्या प्रशिक्षणात आणि दुकानदाराच्या बोलण्यातही ऐकू येतात.

या शब्दांविषयी मराठीत झालेली चर्चा प्रामुख्याने ‘इंग्रजी शब्द स्वीकारावा की मराठी प्रतिशब्द घडवावा’ या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसते. हा प्रश्न जुना आहे. शिवकालीन राज्यव्यवहारकोशापासून १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांपर्यंत त्याची परंपरा सांगता येते. तथापि शब्दाचे कुळ देशी की परकीय, याआधी आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. तो शब्द ज्या व्यवहाराचे नाव आहे, तो व्यवहार त्यातून खरा कळतो का? लहान नियतकालिक, महाविद्यालय किंवा गृहउद्योग जेव्हा ‘आम्ही आमचे डोमेन विकत घेतले’ असे म्हणतो, तेव्हा शब्दाच्या मूळ भाषेपेक्षा ‘आमचे’ आणि ‘विकत’ या दोन शब्दांची चिकित्सा अधिक निकडीची ठरते.

२. तपासणीचा निकष

कोणतीही नवी तंत्रविद्या आपल्या संज्ञा जुन्या अनुभवातूनच घेते. विजेच्या ‘प्रवाहा’चे किंवा शेअर बाजारातील ‘तेजी-मंदी’चे रूपक आज रूपक म्हणून जाणवतही नाही. त्यामुळे रूपक वापरणे हा दोष मानता येणार नाही. रूपकाने सुचवलेले नाते आणि प्रत्यक्ष करारातील नाते यांत तफावत असेल, आणि त्या तफावतीचा भुर्दंड कराराच्या दुर्बल पक्षाला सोसावा लागत असेल, तर मात्र ती संज्ञा सदोष ठरते. हे ठरवण्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत : संज्ञेने दर्शविलेल्या वस्तूवर हक्क कोणाचा? तो किती मुदतीचा? आणि त्याचा मोबदला कोण, कोणत्या रूपात देतो?

३. जमीनजुमल्याची भाषा : डोमेन

इंग्रजीतील ‘डोमेन’ या शब्दाचे मूळ स्वामित्ववाचक लॅटिन शब्दात आहे. पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये संगणकांच्या अंकी पत्त्यांना नावे देणारी व्यवस्था मांडली. तीत ‘डोमेन’ म्हणजे नामवृक्षाची एक शाखा एवढाच तांत्रिक अर्थ होता. १५ मार्च १९८५ रोजी नोंदले गेलेले ‘सिम्बॉलिक्स डॉट कॉम’ हे डॉट कॉम वर्गातील पहिले नाव. त्यानंतर जवळपास दहा वर्षे अशा नोंदणीस शुल्क नव्हते. सप्टेंबर १९९५ पासून दोन वर्षांसाठी १०० डॉलर शुल्क आकारले जाऊ लागले आणि नावाला बाजारमूल्य आले. त्याबरोबर ‘डोमेनची खरेदी’, ‘डोमेनचा मालक’ अशी भाषाही रूढ झाली.

प्रत्यक्षात डॉट कॉमसारख्या वर्गातील नाव एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी नोंदवता येते. कायमची खरेदी असा प्रकारच येथे नाही. मुदत संपल्यावर नोंदणी-संस्थेच्या धोरणानुसार ४५ दिवसांपर्यंतची सवलत मिळू शकते. नाव काढून टाकले गेल्यास पुढील ३० दिवसांत अधिक शुल्क भरून ते सोडवून घेता येते. त्यानंतर ५ दिवसांनी ते कोणालाही नोंदवता येते. अनेक वर्षे नियमित शुल्क भरणाऱ्याचाही हक्क केवळ वहिवाटीमुळे पक्का होत नाही.

या स्थितीसाठी मराठीला शब्दांची उणीव नाही. मराठी मुलखात मिरासदार आणि उपरी असा भेद शतकानुशतके केला जात होता. मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा, तर उपरी मुदतीच्या कौलावर जमीन कसणारा. ऑनलाइन जगातील प्रत्येक नामधारक या अर्थाने उपरी आहे. १९४८ च्या कुळकायद्याने कसणाऱ्याला जे संरक्षण दिले, त्यासारखी तरतूदही येथे नाही. ‘डोमेन भाडेपट्ट्याने घेतले’ असे म्हटले, तर भाडेपट्टा कोणाच्या नावे आहे, हा पुढचा प्रश्न आपोआप विचारला जाईल. संस्थेचे संकेतस्थळ बाहेरच्या व्यक्तीकडून तयार करून घेतले जाते, तेव्हा नोंदणी संस्थेच्या नावे आहे की ते तयार करणाऱ्याच्या नावे, हे पाहिले नाही तर पुढे वाद उद्भवण्याची शक्यता असते. ‘मालकी’च्या भाषेत हा प्रश्न सुचत नाही.

याला एक महत्त्वाची पुस्ती जोडावी लागते. नावाच्या नोंदणीचा हक्क मुदतीचा असला, तरी नावाशी निगडित व्यावसायिक प्रतिष्ठेला कायद्याचे स्वतंत्र संरक्षण आहे. ‘रेडिफ’शी साम्य असलेल्या ‘रॅडिफ’ या नावाच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये डोमेन-नाव हे केवळ इंटरनेटवरील पत्ता नसून त्याला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, अशी भूमिका घेतली. सर्वोच्च न्यायालयानेही २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या खटल्यात हेच तत्त्व मान्य केले. दुकानाची पाटी आणि दुकानाचा गाळा यांत जो फरक आहे, तोच येथे आहे : पाटीवरील नावलौकिक दुकानदाराचा, गाळा भाड्याचा. ‘डोमेन’ हा एकच शब्द या दोन्ही हक्कांना लागू केल्यामुळे त्यांतील फरक पुसला जातो.

ऑगस्ट २०१४ मध्ये ‘डॉट भारत’ हा देवनागरी विस्तार सुरू झाला आणि मराठीत पूर्ण पत्ता लिहिणे शक्य झाले. हे स्वागतार्ह आहे. मात्र पत्त्याची लिपी बदलल्याने त्यावरील हक्काचे स्वरूप बदलत नाही.

४. आतिथ्याची भाषा : होस्टिंग, अनलिमिटेड, अपटाइम, क्लाउड

संकेतस्थळाच्या फाइली सतत चालू असलेल्या संगणकावर ठेवून मागणीनुसार वाचकाला पुरवणे, याला ‘होस्टिंग’ म्हणतात. इंग्रजीत ‘होस्ट’ म्हणजे यजमान. त्यामुळे संकेतस्थळ हा पाहुणा ठरतो. मराठीत ‘यजमान’ हा मुळात यज्ञ करवून घेणारा आणि दक्षिणा देणारा. त्या अर्थाने पाहता येथे खरा यजमान पैसे मोजणारा संकेतस्थळधारकच आहे. आतिथ्याचे रूपक हे नाते उलटे करून दाखवते. यजमानाकडून अपेक्षा ठेवायची ती सौजन्याची. भाडे घेणाऱ्याकडे मात्र पावती, अटी आणि नुकसानभरपाई मागता येते.

जिओसिटीज या सेवेचा इतिहास या संदर्भात बोलका आहे. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या सेवेने लोकांना मोफत पाने दिली, ती पाने नावांच्या ‘वस्त्यां’मध्ये विभागली आणि सदस्यांना जमीन वसवणाऱ्या वसाहतकारांचे नाव दिले. १९९९ मध्ये याहूने ही सेवा विकत घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद केली. ‘वस्ती’त राहणाऱ्यांना घराचा हक्क कधीच नव्हता. स्वयंसेवकांनी जे जतन केले तेवढेच मागे उरले. ज्या साहित्यिक आणि शैक्षणिक उपक्रमांचे सर्व लेखन आज अशाच मोफत व्यासपीठांवर आहे, त्यांनी या उदाहरणाची नोंद घेणे आवश्यक आहे.

होस्टिंगच्या जाहिरातींतील ‘अनलिमिटेड’ हा शब्द वेगळ्या प्रकारे दिशाभूल करतो. एकाच संगणकावर शेकडो संकेतस्थळे ठेवली जातात. तेथे साठवण आणि प्रक्रियाशक्ती मर्यादितच असते; म्हणून फाइलींची संख्या, प्रक्रियेचा वेळ किंवा ‘वाजवी वापर’ यांची मर्यादा अटींमध्ये घातलेली असते. खाणावळीतील ‘पोटभर जेवण’ ज्या अर्थाने अमर्याद, त्याच अर्थाने हे अमर्याद. येथे ‘वेगळी मोजणी नाही’ असा शब्दप्रयोग अधिक प्रामाणिक ठरेल.

‘अपटाइम’ची टक्केवारीही तपासून घेण्यासारखी आहे. ९९.९ टक्के ही संख्या परिपूर्णतेचा आभास निर्माण करते. वर्षाच्या ८,७६० तासांपैकी ०.१ टक्का म्हणजे ८ तास ४५ मिनिटांहून थोडा अधिक काळ संकेतस्थळ बंद राहिले, तरी हमी पाळली गेली असे होते. ९९ टक्क्यांची हमी असेल, तर हा काळ साडेतीन दिवसांहून अधिक होतो. प्रवेशप्रक्रियेच्या अखेरच्या दिवशी महाविद्यालयाचे संकेतस्थळ ८ तास बंद राहिल्यास होणारे नुकसान या टक्केवारीत मावत नाही. शिवाय हमीभंगाची भरपाई सामान्यतः होस्टिंग-शुल्कातील सवलतीपुरती असते, बुडालेल्या व्यवसायाची नसते. ‘हमी’ हा मराठी शब्द मात्र त्याहून मोठी जबाबदारी सुचवतो.

या गटातील सर्वांत प्रभावी रूपक ‘क्लाउड’चे. अॅमेझॉनने २००६ मध्ये साठवण आणि संगणनशक्ती वापराच्या प्रमाणात भाड्याने देण्यास आरंभ केल्यानंतर हा शब्द सर्वत्र पसरला. मेघ सर्वव्यापी असतो, त्याला स्थान नसते, तो नष्ट होत नाही, अशी समजूत या शब्दाने दृढ होते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या केंद्राला आग लागून एक संपूर्ण इमारत नष्ट झाली, तेव्हा अनेक ग्राहकांची माहिती कायमची गेली. ‘क्लाउड’ म्हणजे कोठेतरी उभी असलेली इमारत, तिच्यातील यंत्रे, वीज आणि थंड हवा. माहितीची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवली आहे का, हा साधा प्रश्न ‘मेघा’च्या भाषेत विचारला जात नाही, ‘कोठारा’च्या भाषेत तो लगेच सुचतो.

५. मोजमापाची भाषा : हिट, ट्रॅफिक, कन्व्हर्जन

विपणनाच्या संज्ञांमध्ये रूपकापेक्षा छेद अधिक महत्त्वाचा असतो. संख्या सांगितली जाते, परंतु ती कशाच्या प्रमाणात, हे सांगितले जात नाही. ‘हिट’ हे याचे जुने उदाहरण. सर्व्हरकडे आलेली प्रत्येक फाइलची मागणी म्हणजे एक हिट. एका पानावर १४ चित्रे आणि मांडणीची १ फाइल असेल, तर पान धरून एका वाचकाच्या एका भेटीत १६ हिट नोंदल्या जातात; २०० वाचकांमध्ये ३,२०० हिट होतात. संकेतस्थळावर चित्रे वाढवली की ‘लोकप्रियता’ वाढते. व्यावसायिक वर्तुळात हा मापदंड मागे पडला असला, तरी संस्थांच्या अहवालांत ‘हिट’ आणि ‘भेटी’ हे शब्द अद्याप समानार्थी म्हणून येताना दिसतात.

‘कन्व्हर्जन’ अर्थात रूपांतरण-दर ही संज्ञा अधिक काळजीपूर्वक पाहावी लागते. एका काल्पनिक उदाहरणात एका गृहउद्योगाची जाहिरात १०,००० वेळा दाखवली गेली, तिच्यावर १०० क्लिक झाले आणि २ ग्राहकांनी मसाले खरेदी केले, असे समजू. क्लिकचा दर १ टक्का आणि रूपांतरण-दर २ टक्के येतो. दुसरी संख्या मोठी दिसते, कारण तिचा छेद १०,००० नसून १०० आहे. दर क्लिकला ५ रुपये धरल्यास खर्च ५०० रुपये, म्हणजे प्रत्येक विक्रीमागे २५० रुपये होतो. एका विक्रीतील नफा २०० रुपये असेल, तर जाहिरात ‘यशस्वी’ होऊनही प्रत्येक विक्रीत ५० रुपयांचा तोटा आहे. पुन्हा, ‘रूपांतरण’ कशाला म्हणायचे, हे मोजणाराच ठरवतो : खरेदीला, नाव नोंदवण्याला की केवळ एका पानावर पोहोचण्याला? ‘रूपांतरण’ या शब्दात यांपैकी काहीही कळत नाही. ‘शंभर क्लिकमागे विक्री’ हा शब्दप्रयोग लांब असला, तरी त्यात अंश आणि छेद दोन्ही आहेत.

६. निसर्गाची भाषा : ऑरगॅनिक, व्हायरल, कुकी

शोधयंत्राच्या निकालांतील पैसे न देता मिळालेल्या क्रमाला ‘ऑरगॅनिक’ म्हणतात. या शब्दाने असा क्रम नैसर्गिकपणे उगवतो असे सूचित होते. वास्तविक तो मिळवून देणे हाच एक स्वतंत्र व्यवसाय आहे. १९९८ मध्ये गोटू डॉट कॉम या शोधसेवेने जाहिरातदारांच्या बोलीनुसार क्रम लावला आणि प्रत्येक निकालापुढे जाहिरातदार किती मोबदला देतो हेही छापले. गूगलची अॅडवर्ड्स ही जाहिरात-सेवा ऑक्टोबर २००० मध्ये सुरू झाली. मोबदल्याचा आकडा छापण्याची ती पद्धत मात्र टिकली नाही. तिची जागा ‘प्रायोजित’सारख्या मोघम विशेषणाने घेतली. २००२ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने शोधयंत्रांना पत्र पाठवून मोबदल्याचे निकाल स्पष्टपणे वेगळे दाखवण्यास सुचवले होते. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या रचनांचे १३ प्रकार नमूद केले आहेत. त्यांत वेषांतर केलेली जाहिरात, खोटी निकड आणि वर्गणीचा सापळा यांचा समावेश आहे. या तत्त्वांतील नावे रूपकात्मक असूनही चांगली आहेत, कारण त्यांत कोण कोणाला फसवतो हे लपत नाही.

‘व्हायरल’ या शब्दात कर्ताच नाहीसा होतो. १९९६ मध्ये सुरू झालेल्या हॉटमेल सेवेने प्रत्येक पत्राच्या शेवटी मोफत खात्याच्या निमंत्रणाची ओळ जोडली. पत्र पाठवणारा प्रत्येक जण त्यामुळे बिनपगारी प्रचारक झाला. येथे प्रसार साथीप्रमाणे आपोआप झालेला नसून तो योजलेला होता.

‘कुकी’ची कथा याहून उद्बोधक आहे. वेबची मूळ व्यवस्था स्मरणहीन आहे. प्रत्येक मागणी तिच्यासाठी नवी असते. खरेदीच्या टोपलीत काय ठेवले हे लक्षात राहावे, म्हणून १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी वाचकाच्या संगणकावर छोटी नोंद ठेवण्याची युक्ती काढली. प्रोग्रॅमरांच्या बोलीत दोन प्रोग्रॅमांमध्ये दिल्या-घेतल्या जाणाऱ्या खुणेला ‘मॅजिक कुकी’ म्हणत. तेथून हे नाव आले. मराठीत याला नेमका शब्द आहे : बिल्ला. सामान ठेवताना मिळतो तसा. आपण ज्या दुकानात गेलो त्याने दिलेला बिल्ला सोयीचा असतो. परंतु त्या दुकानाच्या भिंतीवर जाहिरात लावणाऱ्या तिऱ्हाइताने तोच बिल्ला खिशात घालून प्रत्येक पुढील दुकानात तपासला, तर ती पाळत होते. ‘कुकी स्वीकारा’ या गोड वाटणाऱ्या निमंत्रणात हे दोन प्रकार एकत्र येतात, आणि वाचक येथे मोबदला स्वतःच्या माहितीच्या रूपात देतो ही बाब नजरेआड होते.

७. मराठीकरणाचे दोन मार्ग आणि त्यांच्या मर्यादा

या संज्ञांचे मराठीकरण आजवर दोन मार्गांनी झाले आहे. पहिला लिप्यंतराचा : डोमेन, होस्टिंग, कुकी. यात मूळ शब्दाशी संपर्क राहतो, परंतु मराठी वाचकाला रूपक दिसतच नाही. त्यामुळे त्याची चिकित्साही करता येत नाही. दुसरा मार्ग रूपकाच्या भाषांतराचा : क्लाउडला ‘मेघ’, ऑरगॅनिकला ‘सेंद्रिय’, व्हायरलला ‘विषाणूजन्य’. यात शब्द मराठी होतो, पण मूळचा दोष तसाच राहतो. कित्येकदा तो हास्यास्पदही होतो.

तिसरा मार्ग रूपक सोडून नात्याला नाव देण्याचा आहे. कायद्याने असे पाऊल उचलल्याचे उदाहरण उपलब्ध आहे. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१८ च्या अहवालात माहिती गोळा करणाऱ्या संस्थेला ‘फिड्युशियरी’, म्हणजे विश्वासाने बांधलेली, आणि माहिती ज्याची त्या व्यक्तीला ‘प्रिन्सिपल’ म्हणजे मूळ हक्कधारक म्हटले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात याच संज्ञा स्वीकारल्या गेल्या. ‘युजर’ आणि ‘प्लॅटफॉर्म’ या शब्दांतून जबाबदारी कोणाची हे कळत नव्हते. नव्या जोडीतून ते कळते. विश्वस्त हा शब्द महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमामुळे घरोघरी पोहोचलेला आहे, आणि विश्वस्ताने हिशेब द्यायचा असतो हेही सर्वांना ठाऊक आहे. अधिनियमाची अंमलबजावणी कितपत कठोर होईल, हा वेगळा प्रश्न आहे. पण प्रश्न विचारण्यासाठी लागणारा शब्द तरी हाती आला आहे.

८. एक आक्षेप

या प्रतिपादनावर असा आक्षेप येऊ शकतो की बंधनकारक असतो तो करार, संज्ञा नव्हे. मग शब्दांची एवढी चिकित्सा कशासाठी? आक्षेप तर्काला धरून आहे, परंतु व्यवहार वेगळा आहे. अटींची अनेक पानांची इंग्रजी संहिता लहान व्यावसायिक वाचत नाही. तो शब्दावर विश्वास ठेवून संमतीची कळ दाबतो. त्याच्यापुरता संज्ञा हाच कराराचा सारांश असतो. म्हणून सारांश चुकीचा असणे ही केवळ भाषिक बाब राहत नाही. दुसरीकडे, रुळलेले सर्व शब्द हद्दपार करावेत असेही येथे सुचवायचे नाही. ‘डोमेन’ आणि ‘होस्टिंग’ हे शब्द आता मराठीचे झाले आहेत. आवश्यकता आहे ती त्यांच्या व्याख्या नव्याने लिहिण्याची.

९. निष्कर्ष

१. ऑनलाइन व्यवसायाच्या संज्ञांतील रूपके सोय करतात. मात्र डोमेन, होस्टिंग, क्लाउड आणि कुकी यांच्या बाबतीत ती भाड्याच्या किंवा देवघेवीच्या व्यवहाराला मालकीचे, आतिथ्याचे वा निसर्गाचे रूप देतात.

२. मोजमापाच्या संज्ञांमध्ये छेद लपलेला असतो. अशी कोणतीही संख्या तिच्या छेदासह शिकवली आणि छापली जावी.

३. पाठ्यपुस्तकातील व महाविद्यालयीन निविदांमधील प्रत्येक व्याख्येत हक्क, मुदत आणि मोबदला या तीन बाबींचा उल्लेख असावा. उदाहरणार्थ : ‘डोमेन म्हणजे ठरावीक मुदतीसाठी, शुल्क देऊन, नोंदणीकृत व्यक्तीच्या नावे मिळणारा पत्त्याचा वापरहक्क.’

४. मराठीत भाडेपट्टा, गाळा, कोठार, बिल्ला, विश्वस्त हे शब्द आधीपासून आहेत आणि त्यांच्याशी निगडित हक्क-कर्तव्यांची जाणही समाजात आहे. नवे प्रतिशब्द घडवण्यापूर्वी या जुन्या शब्दांचा विचार व्हावा. वाणिज्य, कायदा, संगणकशास्त्र आणि मराठी या विभागांतील अध्यापकांनी एकत्र बसून करावे असे हे काम आहे. कोणत्याही एका विभागाकडे त्यासाठी लागणारे सर्व ज्ञान नाही.